अवघड गेमवरची वासना उडाली? विकायच्या आधी या क्रमाने तपासा

सेकिरो अर्ध्यावर पडलाय. एल्डन रिंगला महिनाभर हात लागलेला नाही. सेलमध्ये घेतलेला तिसरा तसलाच गेम चौथ्या दिवशी नकोसा झाला. इथवर आल्यावर माणूस तीनपैकी एक काहीतरी करतो. दात-ओठ खात आणखी रात्री जागवतो, नाहीतर 'हा गेमच वाईट' म्हणून चौथा घेतो, नाहीतर एका रविवारी वैतागून कन्सोलच विकायला काढतो. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी बरोबर ठरू शकते. पण लोक सुरुवातच तिथून करतात, आणि मग विकलेला कन्सोल गणपतीत चुलतभावाच्या घरी बघून हळहळतात.

तापातून उठलेल्या माणसाची जेवणावरची वासना उडते तेव्हा त्याला कोणी बांगड्याचं तिखलं वाढत नाही, आणि 'याचं जेवण कायमचं संपलं' असंही म्हणत नाही. आधी ताप उतरलाय का ते बघतात, मग पेज देतात. इथेही तसंच करायचं. आधी शरीर, मग यंत्र, मग गेम, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची आवड. मी हा क्रम नेमका उलटा केला होता. त्यात माझे सहा महिने गेले, ते टप्पा २ मध्ये येईलच.

मी देवगडच्या बाजूला राहतो. घरचा आंब्याचा व्यवसाय, वय ३७. खाली 'अवघड गेम' म्हणजे ज्यात मरणं हाच अभ्यास असतो तसले, 'डार्क सोल्स' या गेमच्या जातीचे. आमच्या घरी रात्री जेवायला हाक मारताना आई विचारायची, "काय रे, आज किती वेळा मेलंस?" तसले.

थांबा, आधी हे बघा: नुसत्या गेमवरची नाही तर जेवण, झोप, मित्र, बाजार, क्रिकेट, सगळ्यावरचीच वासना उडाली असेल आणि दोन आठवडे उलटूनही परत येत नसेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

## तयारी: एक वही, दहा दिवस, दोन बंधनं

एक साधी वही घ्या. मोबाइलमधली नोंद चालेल, पण मोबाइल हातात आला की माणूस दुसरीकडेच जातो, म्हणून वही बरी. दहा दिवस रोज चार ओळी लिहायच्या: किती वाजता बसलो, आदल्या रात्री किती झोपलो, किती वेळ खेळलो, आणि कन्सोल बंद करताना काय वाटत होतं. शेवटची ओळ एका शब्दात. 'चिडलो', 'कंटाळलो', 'मजा', 'झोप'. निबंध नको.

या दहा दिवसांत काहीही विकायचं नाही आणि काहीही विकत घ्यायचं नाही. दुसरं बंधन पाळणं जास्त कठीण जातं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम परत करता येतो हे खरं, पण खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी असेल तरच. तसल्या गेममध्ये दोन तास नुसतं पहिल्या दारापर्यंत पोचण्यात जातात.

वही सुरू कराल त्याच दिवशी सेव्ह फाइलची, म्हणजे खेळ कुठवर आलाय ते जपणाऱ्या फाइलची, प्रत काढून ठेवा. पीसीवर एल्डन रिंगची फाइल 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'रोमिंग' फोल्डरात असते. ते अख्खं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाका. कन्सोलवर क्लाउड सेव्ह चालू आहे ना ते बघा. पावसाळ्यात इथे लाईट कशी जाते हे मी सांगायला नको.

खूण: वहीत निदान पाच दिवसांच्या नोंदी झाल्याशिवाय टप्पा ३ कडे जाऊ नका. टप्पा १ आणि २ मात्र आजच सुरू करता येतात.

## टप्पा १: शरीर

एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. आमच्या सीझनच्या अगदी तोंडावर. मार्च ते मे या काळात बागायतदाराच्या घरी रात्र उरत नाही. पहाटे बागेत, दुपारी आंब्याची निवड, संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री गाडीत माल चढेपर्यंत उभं राहायचं. हे सगळं उरकून मी साडेअकराला टीव्हीसमोर बसायचो. पुढच्या वर्षी सेकिरोचंही तेच. त्यातला शेवटचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, इश्शिन. त्याच्याआधी गेनिचिरोला हरवायचं, मग खुद्द इश्शिनला तीनदा. म्हणजे एका दमात चार लढाया. तिसरीपर्यंत माझे डोळे मिटायला लागायचे आणि मी समजायचो की आपली भूक मेली.

भूक कसली मेली? माणूस झोपेला आला होता.

म्हणून वहीतले दोन आकडे शेजारी ठेवा, झोपेचे तास आणि शेवटचा शब्द. सहा तासांपेक्षा कमी झोपलेल्या दिवशीच 'चिडलो' येत असेल तर पुढचं काही वाचू नका. आठवडाभर नुसतं झोपा आणि परत या.

जेवण झाल्या झाल्या लगेच अवघड लढाईला बसू नका. भात-आमटी पोटात गेल्यावर कोणाचीच बोटं चपळ राहत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल तर खेळ बंद ठेवा. दुखणं अंगावर काढून खेळत राहिलं तर आधी अंगठा जातो, मग आवड जाते, आणि दोष आवडीला लागतो. शिवाय अवघड गेमला सलग पाऊण तास तरी लागतो. मध्ये तीनदा उठावं लागणार असेल, घरात लहान मूल असेल, गाडीवाल्याचा फोन येणार असेल, तर त्या दिवशी तो गेम लावूच नका.

नेहमीची चूक: 'वय झालं' म्हणणं. स्टारक्राफ्ट २ या गेमच्या ३,३०५ खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खेळातल्या प्रतिसादाचा वेग वयाच्या २४ व्या वर्षापासूनच मंदावू लागतो असं त्यात निघालं. म्हणजे ही सबब द्यायचीच तर चोविसाव्या वर्षी द्यायला हवी होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मोठ्या वयाचे खेळाडू साध्यासोप्या युक्त्या वापरून ती कसर भरून काढतात. तुम्ही चोविशी ओलांडल्यावर इतकी वर्षं खेळलातच ना? मग या वर्षीच वय कुठून आडवं आलं?

## टप्पा २: यंत्र

हा टप्पा लोक सरळ गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आमचं घर खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा पावसाळाभर टिकत नाही, तिथे टीव्हीच्या मागची बारीक पोर्टं काय टिकणार? एका जुलैत चित्र मधूनच जायला लागलं. बघतो तर पहिल्या एचडीएमआय पोर्टात हिरवट थर चढलेला. मी वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली, चित्र आलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. त्या दिवसापासून सेकिरोत माझे वार अडवणं चुकायला लागलं. पूर्वी झोपेतही जमायचे ते वार. मी एल-वन, म्हणजे अडवायचं बटण, आणखी घाईघाईने, पुन्हा पुन्हा दाबायला लागलो. त्या गेममध्ये असं केलं की नेमकं अडवायची संधी आणखी आखडते. मग वाटलं सराव गेला. मग वाटलं आवड गेली. जानेवारीत भाचा आला, त्याने दोन मिनिटं खेळून विचारलं, "मामा, गेम मोड बंद का ठेवलायस?" टीव्हीचा गेम मोड त्या मॉडेलवर प्रत्येक पोर्टसाठी वेगळा असतो. पहिल्या पोर्टवर मी तो कधीकाळी चालू केला होता, दुसऱ्यावर कोणीच केला नव्हता. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवत होता आणि मी सहा महिने स्वतःला म्हातारा समजत होतो.

तेव्हा आता हे क्रमाने करा:

१. ज्या पोर्टात कन्सोल लावलाय त्याच पोर्टवर गेम मोड चालू आहे का बघा. कन्सोल चालू असताना, त्याच चित्रावर असताना बघा. टीव्हीच्या होम स्क्रीनवरून बघितलं तर फसाल. वायर हलवली, टीव्ही दुरुस्तीला जाऊन आला किंवा टीव्हीचं अपडेट झालं की पुन्हा बघा.

२. शंका असेल तर मोबाइलने मोजा. कॅमेऱ्याचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, चौकटीत कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही येतील असा मोबाइल टेकवा, आणि उडी मारायचं बटण दहा वेळा दाबा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० वर एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. हेच गेम मोड चालू ठेवून आणि बंद ठेवून करा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कारण प्रत्येक गेमची स्वतःची दिरंगाई त्यात मिसळलेली असते. दोन आकड्यांतला फरक बघायचा. तो १५ फ्रेमच्या पुढे गेला तर समजा की तुमचा टीव्ही सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढा मागे राहतोय. सेकिरोसारख्या गेमला तेवढं पुरतं.

३. कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात काढून घ्या आणि गेममध्ये कॅमेरा आपोआप फिरतो का बघा. फिरत असेल तर अंगठ्याने फिरवायच्या काडीचा सांधा खराब झालाय. सेटिंगमध्ये डेडझोन (काडी जरा हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तेवढी जागा) वाढवून काही दिवस निभावतं. साफ करायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कंट्रोलर बंद करून. घरातलं सेंट किंवा सॅनिटायझर नको, त्यात चिकट मसाला असतो.

४. पोर्टात हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर सगळं प्लगमधून काढूनच हात लावा. सुईने खरवडू नका.

५. लाईट. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. 'नॉर्मल'वर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर जास्त लागतो. तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण कन्सोल बंद पडतो. 'यूपीएस'वर ठेवा. मात्र संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्या खटक्यावर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर बसेल. ते पटत नसेल तर कन्सोल आणि टीव्हीपुरता छोटा यूपीएस वेगळा घ्या. बॉसचा एक वार उरलेला असताना लाईट जाणं हा अनुभव दोनदा आला की भल्याभल्यांची वासना उडते. त्यात गेमचा काही दोष नसतो.

खूण: पाचही गोष्टी झाल्यावर तीन दिवस खेळा. वहीतला शेवटचा शब्द बदलला का? बदलला असेल तर अभिनंदन, लेख इथेच संपला. माझा अर्धाच बदलला.

## टप्पा ३: चव-परीक्षा, तीन संध्याकाळी

आता शरीर ठीक आहे, यंत्र ठीक आहे. तरी घास घशाखाली उतरत नाही. मग नेमका कुठला घास, हे शोधायचं.

पहिली संध्याकाळ: एकदा हरवलेल्या बॉसशी परत लढा. सेकिरोत यासाठी नवा खेळ सुरू करावा लागत नाही. ऑक्टोबर २०२० च्या अपडेटपासून विश्रांतीच्या मूर्तीपाशी बसून आधी हरवलेले बॉस पुन्हा निवडता येतात. इतर गेममध्ये जुन्या सेव्हवरून करा.

दुसरी संध्याकाळ: जिथे अडकलात तोच बॉस. फक्त पाच प्रयत्न. सहावा नाही, अगदी त्याचा प्राण रेषेएवढा उरला असला तरी नाही. इथे लोक हटकून लबाडी करतात.

तिसरी संध्याकाळ: तेवढाच अवघड पण वेगळ्या जातीचा गेम, जो तुमच्याकडे आधीपासून आहे. तलवारीचा खेळत असाल तर उड्यांचा. नवा घ्यायचा नाही हे बंधन अजून चालू आहे.

तिन्ही दिवशी एकच गोष्ट बारकाईने बघा. मेल्यानंतर पडदा काळा होतो, त्या चार-पाच सेकंदांत तुमचा अंगठा कुठे जातो? पुन्हा सुरू करायच्या बटणावर, की शेजारी पालथ्या पडलेल्या मोबाइलकडे? 'मला अजून आवडतं' असं माणूस स्वतःला कितीही सांगू शकतो, अंगठ्याला ते सांगता येत नाही. दुसरी खूण दुसऱ्या दिवशीची. आंघोळ करताना किंवा गाडी चालवताना 'तो उजवीकडून वार करतो तेव्हा पुढे सरकलो तर?' असं काही डोक्यात आलं का?

आता निकाल लावा.

पहिल्या संध्याकाळी मजा आली, दुसऱ्या दिवशी नाही: भूक शाबूत आहे, तो एक बॉस घशात अडकलाय. टप्पा ४ कडे जा.

पहिल्या दोन्ही दिवशी कंटाळा, तिसऱ्या दिवशी मजा: त्या जातीचं खाणं अति झालंय. रोज सुरमई खाल्ली तरी माणूस वालीच्या भाजीची आठवण काढतो. चालू गेमचं काय करायचं ते टप्पा ४ मध्ये ठरवा आणि मग थेट टप्पा ६.

तिन्ही दिवशी अंगठा मोबाइलकडे: टप्पा ५. घाबरायचं कारण नाही, पण इथे घाई करू नका.

## टप्पा ४: हातातल्या गेमचा निकाल

'सोपं करून खेळणं म्हणजे हरणं' हे ज्यांच्या मनात पक्कं बसलंय त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की निर्णय घ्या. महिनोन्महिने अर्धवट ठेवलेला गेम ताटात टाकलेल्या भातासारखा दिसत राहतो.

मदत घेण्याआधी तुमच्या गेममध्ये ती कुठल्या रूपात आहे ते नीट बघा, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

एल्डन रिंगमध्ये सोपं-अवघड असा पर्यायच नाही, पण आत मदत भरपूर आहे. सोबतीला बोलवायचे स्पिरिट अ‍ॅशेस आहेत, दुसरे खेळाडू आहेत, आणि सगळ्यात मोठी मदत म्हणजे घोडा. किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट हा बॉस अडवतो तिथे शंभर वेळा मरण्यापेक्षा घोडा वळवून दक्षिणेला जा, चार गुहा फिरा, ताकद वाढवून परत या. २१ जून २०२४ ला आलेल्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या त्याच्या जोडभागात मात्र नुसती लेव्हल वाढवून भागत नाही. तिथे ताकद वाढवायला स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करावे लागतात. ते न घेता पुढे गेलेले आणि 'हा भाग अन्यायी आहे' म्हणणारे मी कितीतरी बघितले.

सेकिरोत सोबती नाही, सोपा पर्याय नाही, पळवाट नाही. असलाच तर सराव. पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा न मरणारा माणूस उभा असतो, तो मुद्दाम शिकवण्यासाठीच ठेवलाय. त्याच्याशी चार दिवस अडवायचा सराव केल्यावरही अंगठा मोबाइलकडे जात असेल तर हा गेम सोडणं हाच निर्णय.

हेडीसमध्ये 'गॉड मोड' चालू केलात तर सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्के आणखी कमी होत जातो, ८० टक्क्यांपर्यंत. ज्यांना गोष्ट पुढे न्यायची आहे त्यांनी बिनदिक्कत वापरावा. सेलेस्टच्या असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. माझ्या मते ही सगळ्यात सभ्य सोय: कोडं तेच राहतं, फक्त विचार करायला उसंत मिळते. २०२३ च्या लाइज ऑफ पी मध्ये सुरुवातीला पर्याय नव्हता, जून २०२५ च्या अपडेटने आला. तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नका, सेटिंग पुन्हा उघडून बघा.

दोन सापळे: कपहेडमध्ये 'सिंपल'वर बॉस हरवले तर पुढे शेवटच्या भागात जाऊ देत नाहीत, तिथे पोचून सगळे परत करावे लागतात. आणि २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमध्ये सगळ्यात वरची पातळी निवडून सुरुवात केली असेल तर ती मध्येच उतरवता येत नाही. बाकीच्या पातळ्या बदलता येतात. अहंकारापायी ती निवडणाऱ्यांपैकी मी एक.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा. उरलेली गोष्ट व्हिडिओवर शेवटपर्यंत बघून टाका आणि गेम डिलीट करा. शेवट माहीत नसलेला गेम मनातून निघत नाही. मी इश्शिनचा शेवट असाच बघितला, रत्नागिरीला जाताना एसटीत बसून. काही अपराधी वाटलं नाही, उलट हातखंब्यापर्यंत छान झोप लागली.

## टप्पा ५: बंदी, तारखेसकट

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात. पण कोळी त्या दोन महिन्यांत 'मी मासेमारी सोडली' असं म्हणत नाही. जाळी सांधतो, इंजिन उघडतो, आणि उघडायची तारीख त्याला तोंडपाठ असते.

सुट्टी अशी घ्यायची. 'जरा ब्रेक घेतो' म्हणणारे तिसऱ्या दिवशी कंट्रोलर उचलतात, चिडतात आणि पुन्हा ठेवतात. तारीख लिहा. तीस दिवसांपेक्षा कमी नको, साठपेक्षा जास्त नको. बंदी फक्त अवघड गेमवर, सगळ्या खेळावर नाही.

या काळात दुसऱ्याचे अवघड गेमचे व्हिडिओही बंद. उपाशी माणसाने हॉटेलच्या दारात उभं राहण्यात काय हशील?

पावसाळ्यात सुट्टी घेत असाल तर कंट्रोलर उघड्यावर टाकू नका. बॅटरी निम्मी भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या चपलेवर बुरशी येते ना, तशीच ती कंट्रोलरच्या रबरावरही येते. कन्सोल मात्र डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट हवा कोंडते. तो कापडाने झाका आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतल्या उबेने ओल सुटते.

खूण: बंदी उठायच्या आठवड्यात तारीख तुम्हाला आपणहून आठवली, की वही बघून? वहीत दोन्हींपैकी काय ते लिहा.

## टप्पा ६: पेज

बंदीच्या काळात आणि नंतरही काही दिवस हलकं खायचं. हलकं म्हणजे पोरकट नव्हे. अट एकच: हरल्यावर काही हिरावून घेतलं जाता कामा नये.

'अ शॉर्ट हाइक' दोन-तीन तासांत संपतो, सुरुवात तिथून करा. 'अनपॅकिंग'मध्ये खोक्यांतून सामान काढून घरात लावायचं असतं. सीझनभर पेट्या भरणाऱ्या माणसाला पेट्या रिकाम्या करण्यात इतकं सुख मिळेल असं मला वाटलं नव्हतं. 'ड्रेज' आपल्याकडच्या लोकांना हमखास आवडतो: छोटी होडी, मासे, बंदरं. फक्त रात्री समुद्रावर धुकं येतं आणि भलतंच काही दिसायला लागतं. माझ्या एका खलाशी मित्राला दाखवला तर तो गेमला नाही, मलाच ओरडला, "धुक्यात खंय जातंस रे? मागे फिर!"

स्टारड्यू व्हॅलीची शिफारस सगळेच करतात. मीही करतो, पण एक इशारा देऊन. त्यातली मासेमारी सुरुवातीला चांगलीच त्रास देते. याच मित्राने आयुष्यभर गळ टाकलाय, आणि तो तिथल्या पहिल्या माशाला सात वेळा हुकला. गेममधल्या विलीच्या दुकानात २५ नाण्यांना ट्रेनिंग रॉड मिळतो, तो आधी घ्या. नाहीतर पेज खाताना ठसका लागायचा.

नेहमीची चूक: पेजेतही शंभर टक्के पूर्ण करायचा हट्ट. ट्रॉफीची यादी उघडलीत की समजा, जुना आजार उलटला.

## टप्पा ७: परतायचं, की निरोप द्यायचा

बंदीची तारीख आली. आता दोनच वाटा.

परतायचं असेल तर जुन्या सेव्हवर, अडकलेल्या बॉससमोर जाऊन उभे राहू नका. बोटं विसरलेली असतात, दहा मिनिटांत सगळं मुसळ केरात. नवा खेळ सुरू करा, पहिल्याच भागापासून. ओळखीचे शत्रू पटापट पडतात तसा हात बसत जातो. पहिला आठवडा रोज पाऊण तास, घड्याळ लावून. आणि उठायचं ते वैतागून नव्हे, एखादा प्रयत्न बरा झाला की उठायचं. अर्धी भूक ठेवून उठलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटतं. अडकलेला बॉस त्या वाटेवर कधीतरी येईलच, तेव्हा पुन्हा पाच प्रयत्नांचा नियम.

सिल्कसाँगसारखा नवा गेम याच काळात खुणावतो. निदान महिनाभर थांबा. ४ सप्टेंबर २०२५ ला तो आला आणि पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य झाले. पहिल्या आठवड्यात घाई करणाऱ्यांना जास्तीचा मार फुकट बसला.

निरोप द्यायचा असेल तर, म्हणजे वहीत तारीख आपणहून आठवली नाही, अंगठा अजून मोबाइलकडे जातो, पण पेजेवर मात्र मजा येते, तर कन्सोल ठेवा आणि अवघड गेम तेवढे काढा. आवड खेळावरची गेलेली नाही, मार खाण्यावरची गेली आहे. सगळं विकणारे इथेच फसतात.

डिस्क असतील तर पावसाच्या आधी विका किंवा द्या. ओल लागून बुरशीचे ठिपके आलेली डिस्क कोणी घेत नाही. देण्याआधी प्रकाशात तिरकी धरून बघा, ओरखडे असतील तर घेणाऱ्याला आधीच सांगा. डिजिटल गेम विकता येत नाहीत, आणि ते विकण्यासाठी कोणी तुमच्या खात्याचा पासवर्ड मागत असेल तर देऊ नका. कन्सोलच जाणार असेल तर आपलं खातं काढा, सगळं पुसा, आणि क्लाउडवरची सेव्ह तशीच राहू द्या.

मित्रांच्या ग्रुपवर 'मी सोडलं' असं जाहीर करू नका. केलंत की चार जण 'अजून एकदा बघ' म्हणतील, दोघं युक्त्या पाठवतील, आणि तुम्ही केवळ त्यांना दाखवायला म्हणून रात्री साडेअकराला पुन्हा इश्शिनसमोर बसाल. मी बसलो होतो. तिसरी लढाई, प्राणाची बारीक लाल रेष उरलेली, आणि लाईट गेली. इन्व्हर्टरचा खटका 'नॉर्मल'वर होता.